हातासरशी म्हणजे नेमकं कधी?

साताऱ्याहून आलेलं पत्र, थोडं कमी करून देतेय:

"ताई, मी शाहूपुरीत राहतो, वय ३६. जूनमध्ये बायकोची पुण्याला बदली झाली, ती शनिवारी दुपारी येते आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जाते. घरात मी, वडील आणि चौथीतली मुलगी. स्वयंपाक आता बऱ्यापैकी जमायला लागलाय, भाकरी पण फुगते. पण साडेआठला जेवणं झाली की किचनकडे बघवत नाही, सगळं आवरेपर्यंत साडेदहा, आणि कधीकधी तर तसंच टाकून झोपतो मग सकाळी डब्याच्या गडबडीत ती वाळलेली भांडी. वडील म्हणतात तुझी आई आवरताना कधी दिसायचीच नाही, सगळं हातासरशी करायची. मी पण करून बघितलं, इकडे भाजी तिकडे भांडी, तर फोडणी जळाली. मागच्या शनिवारी बायको आली आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून तिनं कढई घासायला घेतली. ते मला फार लागलं. हातासरशी म्हणजे नेमकं कधी करायचं ते सांगा. आणि अजून एक, मुलीच्या डब्याच्या पांढऱ्या रुमालाला हळदीचा डाग पडलाय, साबण लावला तर लालच झाला, तो जाईल का?"

दादा, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती पर्स आणि ती कढईच डोळ्यासमोर येत राहिली म्हणून बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी परत घेतलं. तुम्ही वहिनींना एका शब्दानं बोलला नाहीत, सगळं स्वतःवर घेतलंय, पण एवढं लावून घेऊ नका. नोकरी, पोरीचा डबा, वडिलांचं पथ्यपाणी बघून भाकरी फुगवायला शिकलात म्हणजे अवघड होतं ते झालंय. राहिलेलं शिकता येतं, आणि ते कुणी समजावून सांगत नाही हीच अडचण आहे, कारण ज्या बायका करतात त्यांचं ते हातात बसलेलं असतं, तोंडानं सांगायची वेळच कधी आलेली नसते.

मी लग्न होऊन कोरेगाव तालुक्यात आले तेव्हा घरात अकरा माणसं होती आणि सासूबाईंचं स्वयंपाकघर बघून मला पण तुमच्या वडिलांसारखंच वाटायचं की ही बाई आवरते कधी. मग लक्ष ठेवून बघायला लागले. तर स्वयंपाक चालू असताना त्या एकही भांडं घासत नव्हत्या! घासायचं ते शेवटी, मोरीत, राख आणि काथ्या घेऊन, एकदम. पण त्यांच्या हातून रिकामं झालेलं भांडं कोरडं असं कधी राहिलं नाही. पातेल्यातला भात काढला की त्याच हातानं तांब्याभर पाणी आत. पिठलं वाढलं की कढईत पाणी. कणीक मळून झाली की परातीत पाणी, आणि ती परात तिरकी करून उभी. मला एकदाच म्हणाल्या होत्या, "वाळू द्यायचं नाय काय, बास." सगळी हातासरशी तेवढ्यातच आहे दादा. तुम्ही त्याचा अर्थ घेतलात की परतता परतता घासायचं, म्हणून फोडणी जळाली. कुणाचीही जळेल.

कारण बघा, भाताची पेज, कणीक, बेसन हे सगळं स्टार्च. मैद्याची खळ करून आपण भिंतीवर कागद चिकटवतो ना, तीच वस्तू तुम्ही रात्रभर पातेल्याला लावून ठेवताय आणि सकाळी तारेच्या घासणीनं ओरबाडताय. ओलं असताना जे बोटानं निघतं त्याला वाळल्यावर दहापट जोर लागतो, तुमच्या दोन तासातला निम्म्याहून जास्त वेळ ह्या जोरातच जातोय असं मला पत्रावरनं वाटतं.

पाणी पण कुठलं घालायचं ते सांगते, कारण इथं सगळेच चुकतात आणि चांगलं म्हणून कढत पाणी ओततात. कणकेच्या परातीला, दुधाच्या पातेल्याला आणि अंड्याच्या वाटीला आधी गार पाणी. त्यात प्रोटीन असतं, गरम पाण्यानं ते शिजतं आणि अजूनच घट्ट बसतं. तेलकट तुपकट असेल त्याला मात्र गरम पाणी. आणि दूध तापवायच्या आधी पातेलं नुसतं पाण्यानं विसळून ओलंच गॅसवर ठेवायचं मग दूध ओतायचं, तळाला बरंच कमी लागतं, करून बघा. कढई करपली असेल तर घासत बसू नका, पाणी घालून गॅसवर ठेवा, उकळी आली की उलथण्यानं हळूच ढकला, खरपूड सुटून वर येते. त्या पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकला तर अजून लवकर, पण तो स्टीलच्या भांड्यात. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला सोडा कधीच नको, काळं पडतं. त्याला आंबट लागतं, म्हणून तर कुकरच्या तळातल्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड टाकतात. आणि भाकरीचा लोखंडी तवा भिजत घालायचाच नाही, रात्रभर पाण्यात राहिला तर सकाळी गंज, तो गरम असतानाच फडक्यानं पुसायचा. गरम तव्यावर गार पाण्याची धार पण सोडू नका, तवा वाकडा होतो, आणि वाफेनं हात भाजतो ते वेगळंच.

आता कधी करायचं ते. स्वयंपाकात काही वेळ हात अडकलेले असतात आणि काही वेळ मोकळे असतात. फोडणीला हात अडकलेले, मोहरी तडतडल्यापासून हळद-तिखट पडून त्यावर कांदा किंवा पाणी जाईपर्यंत एक-दोन मिनिटंच असतात पण तेवढ्यात मागं वळून पण बघायचं नाही. भाकरीला हात अडकलेले, एक थापायची एक तव्यावर, पाणी लावायचं, उलटायची, जाळावर फुगवायची, ह्यात तुम्ही नळ सोडायला गेलात की एक भाकरी गेलीच. ह्या दोन्ही वेळी कितीही पसारा दिसला तरी दिसू द्या. सासूबाई पण भाकरी करताना दुसरं काही करत नव्हत्या. उरलेल्या वेळात तुम्ही काय करता ते आठवून बघा दादा, मला वाटतं मोबाईल बघता, किंवा नुसतेच कुकरपाशी उभे राहता. तोच वेळ हवाय.

समजा उद्या घेवड्याची आमटी, वांग्याची भाजी, भाकरी आणि भात आहे. आपल्या कोरेगावकडचा वाघ्या घेवडा असेल तर सकाळी कामावर जाताना भिजत टाकायचा (त्याला जीआय मानांकन, म्हणजे ही वस्तू ह्याच भागाची असा सरकारी शिक्का, मिळालंय हे पोरीला जरूर सांगा, आपल्या ताटातली वस्तू आहे). संध्याकाळी आल्याबरोबर पहिलं काम कुकर लावणं, भाजी चिरणं नव्हे. बरीच माणसं आधी सगळं चिरत बसतात आणि कुकर नंतर लावतात, मग शेवटी कुकरची वाट बघत बसावं लागतं. घेवडा आणि पाणी मिळून कुकर निम्म्याच्या वर भरू नका, कडधान्याला फेस येतो, तो शिट्टीत अडकतो आणि मग पिवळं पाणी शेगडीभर उडतं, ते आवरायलाच दहा मिनिटं जातात. दुसऱ्या शेगडीवर भात. कुकर चढला की पंधरा-वीस मिनिटं आणि वाफ जिरायला अजून दहा, ह्या अर्ध्या तासात वांगी चिरायची, मिक्सर काढायचा, आणि निघेल ते विसळायचं.

मिक्सरचं पण एक आहे. आधी कोरडं, मग ओलं. म्हणजे आधी शेंगदाण्याचं कूट, ते काढून घेतलं की त्याच भांड्यात न धुता खोबरं, मग लसूण-कोथिंबीर. उलटं केलं की दरवेळी भांडं धुवा, पुसा, वाळवा. शेवटी त्यातच वाटीभर पाणी घालून एकदा फिरवायचं आणि ते पाणी आमटीत, वाटण पण वाया गेलं नाही आणि भांडं निम्मं धुतलं गेलं. चिरताना पण तसंच, आधी कोथिंबीर, काकडी, मग वांगी-बटाटा, मग कांदा-लसूण, एका फळीवर एका सुरीनं सगळं होतं.

रविवारी चिकन असेल तर ते सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर मात्र फळी, सुरी, हात लगेच साबणानं, तिथं थांबायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली स्वयंपाकासाठी पाच साध्या सूचनांचं पोस्टर काढलं होतं, स्वच्छता राखा, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा, नीट शिजवा, योग्य तापमानाला ठेवा, पाणी आणि जिन्नस चांगले वापरा. ह्यातली कच्चं-शिजलेलं वेगळं ही सूचना आपल्याकडं सगळ्यात जास्त मोडली जाते, ज्या फळीवर चिकन कापलं त्याच फळीवर नुसती फडक्यानं पुसून जेवायचा कांदा कापतात. आणि चिकन नळाच्या धारेखाली धुवू नका, त्याचे शिंतोडे बाजूच्या ताटं-वाट्यांवर उडतात, डोळ्याला दिसत नाहीत पण जंतू त्यातूनच पसरतात. धुवायचंच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हातानं, आणि मग सिंक साबणानं घासून घ्यायचं. पोरगी लहान आहे, वडील वयस्कर आहेत, म्हणून एवढं सांगतेय.

वांग्याच्या भाजीवर ताट झाकून त्या ताटात पाणी ठेवायचं, भाजी खाली लागत नाही आणि तुम्हाला दहा मिनिटं मोकळी मिळतात. भाजीला पाणी लागलं तर तेच गरम पाणी घालायचं. ह्या दहा मिनिटांत ओटा, आणि हे मन लावून वाचा. ज्वारीचं पीठ सांडलेलं असेल तर ओलं फडकं अजिबात लावायचं नाही, ओलं लावलं की त्याची लापशी होते आणि ती ओटाभर पसरते, शिवाय फडकं धुवायचं वेगळं काम. कोरड्या फडक्यानं किंवा जुन्या कागदानं पीठ गोळा करायचं, मग ओलं. तेल सांडलं तर आधी कागद. कढईतलं उरलंसुरलं तेल पण कागदानं पुसून सुक्या कचऱ्यात नको, ओल्यात पण नको, वेगळ्या पिशवीत बांधून टाकायचं, सिंकमध्ये कधी ओतायचं नाही. थंडीत आपल्या साताऱ्यात डालडा, खोबरेल थिजतं, पाइपमध्ये पण तेच होतं आणि त्यावर भाताची शितं बसत जातात, मग एक दिवस सिंक तुंबतं आणि लोक त्यात ॲसिड ओततात. ते तर करूच नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर क्लोरीन वायू निघतो, बंद स्वयंपाकघरात जीवावर बेतू शकतं.

तुमचा ओटा कडप्प्याचा आहे का ग्रॅनाइटचा, पत्रात नाही. जुन्या घरात बहुतेक कडप्पाच असतो. कडप्पा हा चुनखडीचा दगड, त्यावर लिंबू, व्हिनेगर, चिंचेचं पाणी पडून राहिलं की पांढरट डाग उठतो आणि तो घासून जात नाही कारण तो डाग नसतोच, दगडच खाल्लेला असतो. लिंबू पिळलं की लगेच पुसायचं. लिंबानं ओटा चकचकीत करा असे जे व्हिडिओ असतात ते कडप्प्याला चालत नाहीत.

अजून एक सोय करा, शेगडीजवळ एक ताटली ठेवा फक्त डाव, पळी, उलथणं ठेवायला, नाहीतर दर पदार्थाचा चमचा ओट्यावर टेकतो आणि चार ठिकाणी चार डाग. आणि सिंकमध्ये एक मोठं पातेलं पाणी घालून, वाट्या चमचे त्यात टाकत जायचं, सुरी सोडून. सुरी त्यात टाकली की साबणाच्या पाण्यात दिसत नाही आणि हात कापतो. सिंकमध्ये टाकायच्या आधी खरकटं बोटानं काढून ओल्या कचऱ्यात, ते पण पोरीला शिकवा.

भांडी घासायला मावशी लावा असं तुम्हाला चार जण सांगतील. परवडत असेल तर जरूर लावा, त्यात काही कमीपणा नाही. पण तेव्हा पण भांडी भिजवून, खरकटं काढूनच ठेवायची. रात्रभर वाळलेली कढई दुसऱ्याच्या पुढ्यात टाकणं मला बरं वाटत नाही, तिचे पण हातच आहेत.

जेवणं झाली की आधी उरलेलं अन्न. भात, आमटी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, ही पण त्या पाच सूचनांतलीच गोष्ट आहे, खासकरून भात, तो रात्रभर बाहेर राहिला की त्यात असे जंतू वाढतात की परत गरम करून सुद्धा त्यांचं विष जात नाही. आपल्याकडं सकाळी फोडणीचा भात आवडीनं खातात, खावा, पण फ्रिजमधला. मग आधी पेले, मग ताटं-वाट्या, मग तेलकट कढई शेवटी. उलटं केलं की घासणीला तेल लागतं आणि ते पेल्यांना. शेगडी गार झाल्यावरच पुसायची आणि रेग्युलेटर बंद करूनच. घासणी पिळून उभी ठेवायची, ओलीच पडून राहिली की तिच्यातच जंतू वाढतात. पावसाळ्यात यवतेश्वरावरून ढग खाली आले की आपल्याकडं फडकं आठ-आठ दिवस खणखणीत वाळत नाही, कुबट वास येतो, तेव्हा दोन-तीन दिवसातून एकदा फडकी जुन्या पातेल्यात उकळून घ्यायची. सगळं भिजलेलं असेल तर हे सगळं मिळून अर्धा-पाऊण तास लागेल, पहिले आठ दिवस थोडा जास्त.

आता तुमच्या वडिलांचं. "तुझी आई आवरताना दिसायचीच नाही" हे मला टोमणा वाटत नाही, ते खरंच बोलतायत, त्यांना दिसायचंच नाही कारण त्या वेळी ते बाहेरच्या खोलीत असायचे. आपल्या सगळ्यांच्याच घरात तसंच होतं. तर त्यांना आत बोलवा. एक खुर्ची टाका किचनच्या दारात, लसूण सोलायला द्या, शेंगा निवडायला, कोथिंबीर खुडायला, घेवड्यातले खडे बघायला. काम तर होईलच, आणि तुमच्या आईच्या कितीतरी गोष्टी त्यांना आठवतील ज्या ते बाहेरच्या खोलीत बसून बोलणार नाहीत. पत्रात आईंबद्दल ते एकच वाक्य आहे आणि ते भूतकाळातलं आहे, म्हणून हे लिहायचं धाडस करतेय. मुलगी चौथीत म्हणजे ताटं मांडणं, पेले विसळणं, डबा आल्याबरोबर उघडून त्यात पाणी घालणं हे तिचं काम. मुलगी आहे म्हणून देऊ नका, घरातली आहे म्हणून द्या, मुलगा असता तरी मी हेच लिहिलं असतं.

आणि वहिनी. दादा, मला नाही वाटत त्यांनी कढई रागानं घेतली. आठवडाभर घर सोडून राहिलेल्या बाईला आल्यावर आपला हात कुठंतरी टेकवायचा असतो आणि तिला दिसली ती कढई. पण त्यांना विचारा, मी दुरून अंदाज बांधण्यापेक्षा ते बरं. ह्या शनिवारी घर लखलखीत करायच्या नादाला लागू नका, त्यात तुम्हीच दमाल आणि संध्याकाळी चिडचिड होईल. सिंक रिकामं, ओटा पुसलेला, आणि चहाचं पातेलं घासून शेगडीवर ठेवलेलं एवढंच करा. त्यांना स्टँडवर घ्यायला जा, घरी आल्यावर पर्स तुम्ही हातात घ्या आणि चहा तुम्ही टाका. चहा गाळला की पातेल्यात पाणी घालायला विसरू नका.

रुमालाचं राहिलं. घाबरू नका, तो जाईल. हळदीत कर्क्युमिन नावाचा पिवळा रंग असतो, त्याला साबण-सोडा-चुना असं काही लागलं की तो लाल होतो. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीला चुना लावूनच करतात, तेच तुमच्या रुमालावर झालं. तो रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो, पण उन्हापुढं मात्र टिकत नाही. रुमाल परत साबणानं धुवा, चांगला खळबळून काढा, आणि ओला असतानाच कडक उन्हात डाग वर करून पसरा, सावलीत नको. वाळला की परत ओला करून परत उन्हात. दोन-तीन उन्हं दाखवली की बहुतेक निघून जाईल. सध्या पाऊस असेल तर ऊन पडेपर्यंत तसाच घडी करून ठेवा, इस्त्री तेवढी फिरवू नका.